टाकीपासून इंजिनापर्यंत

माझदाने मियाटा पहिल्यांदा दाखवली ती 1989 च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. 2016 साली या दोन आसनी गाडीच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला. सुरुवातीच्या 1.6 लिटर इंजिनाच्या गाड्या आता तिशी ओलांडून गेल्या आहेत आणि त्यातलीच एक न्यू जर्सीत माझ्या घरी आहे. तिचा पेट्रोल फिल्टर मी घरीच बदलतो. काम लहान आहे, फिल्टरही महाग नाही. पण गाठ पेट्रोलशी आहे, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय याला फार महत्त्व आहे. जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

1. आधी लक्षण ओळखा. फिल्टर तुंबला म्हणजे गाडी सुरूच होणार नाही, असं नसतं. उभ्या गाडीचं इंजिन छान चालतं, गल्लीबोळांतही काही जाणवत नाही. चढावर किंवा हायवेला लागताना पाय दाबला की मात्र दम कमी पडतो. दाब राखणारा रेग्युलेटर इंजिनाजवळ, म्हणजे फिल्टरच्या पुढे असतो. मागणी वाढली की त्याच्यापर्यंत पुरेसं पेट्रोलच पोचत नाही. थकलेला पंपसुद्धा अगदी असाच वागतो. म्हणून नवा फिल्टर घालूनही फरक पडला नाही, तर गेज लावून दाब मोजायचा. अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यात पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं.

2. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि साचते. इथल्या कित्येक घरांत गॅसवरचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो. त्याची ज्योत फरशीपासून किमान 18 इंच उंच असावी असा बांधकामाचा नियम आहे, तो याच वाफेच्या भीतीने. पण पेट्रोलची लाइनच उघडायची असेल तर त्या 18 इंचांवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. गाडी ड्राइव्हवेवर काढावी. हाताशी पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक हवं आणि उजेडासाठी एलईडी दिवा. जुन्या पद्धतीच्या तापलेल्या बल्बवर पेट्रोलचा थेंब पडला तर काच तडकते, आणि आत लालबुंद तार असते. डोळ्यांना चष्मा लावाच. फिल्टर डोक्याच्या वर असतो आणि पेट्रोल खालीच येणार.

3. दाब आधी, बॅटरी नंतर. कार्ब्युरेटरच्या गाडीत लाइनमध्ये जेमतेम चार-पाच पीएसआय दाब असतो. इंजेक्शनच्या या गाडीत तो 40 च्या आसपास असतो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो. तो दाब आधी उतरवण्यासाठी टाकीचं झाकण सैल करायचं, इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डखालच्या पंपाच्या रिलेचा कनेक्टर काढायचा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. मियाटाची बॅटरी डिकीत असते. तार आधीच काढली तर इंजिन चालणार नाही आणि दाब तसाच राहील.

4. हँडब्रेकवर विसंबू नका. फिल्टर उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, प्लास्टिकच्या आवरणामागे आहे, म्हणजे मागची बाजू उचलावी लागते. हँडब्रेक लागतो मागच्याच चाकांना आणि गिअरही त्यांनाच धरतो. ती चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर उतरवा आणि खाली शिरण्याआधी ती जोरात हलवून पाहा.

5. नळ्यांशी जबरदस्ती नको. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. रबरी नळी सरळ ओढली तर धातूची बारीक पाइप वाकते, आणि ती बदलणं हे फिल्टरपेक्षा कितीतरी मोठं काम. नळी आधी हलकेच पिळून जागची सोडवायची, मग काढायची. काढण्यापूर्वी टाकीकडच्या नळीला चिकटपट्टी लावून ठेवा, कारण फिल्टरला दिशा असते. नवा फिल्टर त्याच दिशेने बसवा आणि नळ्यांवरच्या क्लिपा परत लावा.

नळी कडक झाली असेल, वाकवल्यावर चिरा दिसत असतील, तर ती त्याच दिवशी बदला. दुकानात दोन नळ्या सारख्याच दिसतात. इंजेक्शनच्या गाडीला एसएई जे30आर9 असं छापलेलीच हवी, जे30आर7 कमी दाबासाठी आहे. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी 10 टक्के इथेनॉल असतं, भारतात आता 20 टक्क्यांचं मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. पुण्या-मुंबईत जुनी फियाट जपणाऱ्यांनीही आपल्या नळ्या एकदा वाकवून पाहाव्यात.

6. इंजिन सुरू करण्याआधी पंप चालवा. सगळ्या क्रमात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी, आणि घाईत हीच गाळली जाते. या 1.6 इंजिनाच्या गाडीत नुसती किल्ली फिरवल्याने पंप चालत नाही. इंजिनात जाणाऱ्या हवेने एक पाकळी उघडते, तेव्हाच पंपाला वीज मिळते, किंवा मग स्टार्टर फिरत असताना. इंजिन बंद पडलं तर पंपही बंद पडावा, म्हणून केलेली ही सोय आहे. पण गळती तपासायची तर इंजिन थंड आणि शांत असताना लाइनमध्ये पूर्ण दाब हवा. त्याचा मार्ग माझदानेच ठेवला आहे. रिले आणि बॅटरी परत जोडा. बॉनेटखाली डायग्नोसिस लिहिलेली एक छोटी डबी असते, तिच्यातल्या एफ/पी आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडा आणि किल्ली ऑन करा. मागून पंपाची घरघर ऐकू येते. आता दिवा घेऊन फिल्टरकडे पाहा. दोन्ही सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा, थोडं थांबा, पुन्हा फिरवा. जरासाही ओला झाला तर किल्ली बंद करून क्लिप नीट बसवा. टिश्यू कोरडा राहिला की ती वायर आठवणीने काढा, मगच इंजिन सुरू करा.

7. जुना फिल्टर लगेच फेकू नका. टाकीकडच्या तोंडातून त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता, म्हणजे अडलेला कचरा बाहेर येतो. किंचित काळपट रंग वयाला साजेसाच. तळाशी तांबूस गाळ बसला तर टाकी आतून गंजते आहे आणि नवा फिल्टरही लवकरच तुंबणार. पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. मी फिल्टरवरच्या प्लास्टिकच्या आवरणावर तारीख आणि किलोमीटर, म्हणजे इथल्या हिशेबाने मैल, मार्करने लिहून ठेवतो. तुमच्यानंतर ही गाडी घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल.

8. बरणीतलं पेट्रोल गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. काउंटी घातक कचरा गोळा करते, त्या दिवशी नेऊन द्या. भिजलेल्या चिंध्या घरात आणू नका, बाहेर पसरून पूर्ण वाळू द्या.