आखातात बोटीवर नोकरी? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा



मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत आपली पोरं बाहेर काम बघतात. गेल्या आठवड्यात एका सभासदाचा मुलगा व्हिसाचा कागद घेऊन सोसायटीत आला. आखातात मासेमारी बोटीवर नोकरी, एजंटला दीड लाख द्यायचे, त्यातले पन्नास हजार देऊन झालेले. कागद बघितला तर व्हिजिट व्हिसा! म्हणजे पाहुणा म्हणून जायचा. त्यावर काम केलं तर तिथं आपणच गुन्हेगार ठरतो, मग पगार बुडाला तरी बोलायचं कुणाकडे? मुलगा थांबला. दिलेले पैसे परत मिळवायची खटपट चालू आहे. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून कायदा काय सांगतो ते लिहीत आहोत.

१) एजंट : १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरायला एजंटची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट वेबसाइटवर दिसतं. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. पावती घ्याच. ओळखीचा माणूस म्हणजे लायसन्स नव्हे.

२) पासपोर्टचा प्रकार : दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुतेक वेळा ईसीआर असतो. यूएई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन धरून १८ देशांत कामाला जायचं तर त्यांना आधी प्रवासी संरक्षक कार्यालयाची परवानगी लागते. तिथे करार बघितला जातो आणि १० लाखांचा अपघात विमा काढावा लागतो. दहावी पास पोरांना ही परवानगी लागत नाही. सोपं वाटतं, पण फसगत इथेच होते, कारण त्यांचा करार कुणीच बघत नाही. तो आपणच बघायचा.

३) करार : क्रूझ आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. मासेमारी बोटी त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २००७ चा वेगळा करार आहे, क्रमांक १८८. पण भारताने तो मान्य केलेला नाही. सौदीच्या कामगार कायद्यातून तर ५०० टनांखालच्या बोटींवरचे कामगार वगळलेलेच आहेत. म्हणून हातातला कागद हाच आपला आधार. त्यात पगार किती व कधी, मासळीतला हिस्सा, विश्रांतीचे तास, औषधपाणी, परतीचं तिकीट आणि बोटमालकाचं नाव असलंच पाहिजे. बोट कुठल्या देशाची आणि कुठल्या पाण्यात जाणार हेही विचारा. २०२४ मध्ये इराणच्या बोटींवर काम करणारे तमिळनाडूचे २८ मच्छीमार बहरीनच्या हद्दीत गेले म्हणून तुरुंगात पडले. दिशा तांडेल ठरवतो, पण अटक सगळ्यांना होते.

४) पासपोर्ट कुणाचा : १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो अडकवून ठेवायचा नसतो. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराचे फोटो घरच्यांकडे ठेवूनच निघा.

५) अडचण आली तर : तिथल्या भारतीय दूतावासात जा. घरच्यांना इथून ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९०. अडकलेल्यांची राहण्या-जेवणाची सोय आणि परतीचं तिकीट यासाठी दूतावासाकडे कल्याण निधी असतो. तो मागायला लाजू नका.

शेवटी एक बोट आपल्याकडेही. आपल्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले खलाशी येतात. तेही घर सोडूनच आलेत. त्यांचं आधार कार्ड अडकवून ठेवणं, हिशोब सीझन संपेपर्यंत लांबवणं आपणही करू नये. जे आपल्या पोरांसाठी मागतो, ते त्यांना आधी देऊया.

परदेशी नोकरीचा कुठलाही कागद आला तर पैसे देण्याआधी सोसायटीत घेऊन या. एकत्र बसून वाचू. पोस्ट आपल्या वाड्यावरच्या ग्रुपवर पाठवा.

– सचिव