अभ्यासिका उघडतेस ना, मग हे ऐक

अगं पोरी,

परवा तुझा फोन ठेवला आणि मी तशीच ओट्याशी उभी राहिले. कराडच्या तुमच्या वस्तीत, शाळा सुटल्यावर पोरांसाठी संध्याकाळची अभ्यासिका काढतेयस म्हणालीस, तेव्हा ऊर भरून आला. पण लगेच पुढे म्हणालीस, "आत्या, सगळं मीच बघणार आहे," आणि मला काळजी लागली. साताऱ्यात आमच्या समाजमंदिरात मी बावीस वर्षं हेच केलं, आणि सुरुवात अगदी याच वाक्याने केली होती. भाची आत्यावर जाते म्हणतात ते खोटं नाही. म्हणून आठवेल तसं लिहून पाठवतेय. एका दमात वाचू नकोस, अडलीस की काढ.

१. आधी खोली शोधू नकोस, आधी पंधरा घरी चहा पी — ज्या आईने तुला चहा पाजला, ती तिची पोरगी पाठवणारच.

२. अभ्यासिका कुठे भरते हे पोरांच्या डोळ्यांनी बघ. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो म्हणून लगेच हो म्हणू नकोस — वस्तीतली काही घरं त्या पायरीशी शतकानुशतकं अडवली गेली आहेत, ती पोरं आजही बाहेरच थबकतात. आमच्याकडे पहिल्या महिन्यात एका आळीतलं एकही मूल आलं नाही, आणि कारण मला एका आठ वर्षांच्या पोराने सांगितलं. जागा बदलली, तशी पोरं आली.

३. शाळेचीच खोली हवी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा आणि परवानगी कागदावर घे. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात — म्हणजे तू परक्यांकडे नाही, पोरांच्या आईबापांकडेच खोली मागतेयस.

४. त्याच फेरीत शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना भेट, कोणतं मूल कुठे अडलंय ते विचार. पोरांसमोर शाळेला नावं ठेवू नकोस — सकाळच्या फळ्यावर संध्याकाळने थुंकू नये, पोर दोन्हीकडून सुटतं.

५. समाजमंदिरात भरवणार असशील तर लग्नसराई, गणपती आणि निवडणूक या तिन्हींसाठी दुसरी जागा आधीच ठरवून ठेव — चार दिवस वर्ग बंद पडला की आठ पोरं कमी होतात, आणि ती आणायला महिना जातो.

६. किल्ल्या तीन कर. एक तुझ्याकडे, एक जवळच्या घरात, एक अशा माणसाकडे जो कधी गावाला जात नाही — कुलूप एकाचं, खोळंबा साऱ्यांचा.

७. संडास कुठे आहे, त्याला कडी आहे का, पाणी आहे का, दिवा आहे का, हे फळ्याच्या आधी बघ. सातवी-आठवीतल्या मुली कारण न सांगता येईनाशा होतात, आणि आपण त्यांना अभ्यासाचा कंटाळा आला असं धरून चालतो. मी दोन वर्षं तसंच धरून चालले. शेवटी शेजारच्या एका मावशींनी स्वतःच्या घरचा संडास वापरायला दिला, तेव्हा पाच मुली परत आल्या. त्या पाचांपैकी एक आज परिचारिका आहे. मावशींनी रुपया दिला नव्हता, कडी दिली होती.

८. पहिली पंधरा मिनिटं खाण्याची. शाळेतला पोषण आहार दुपारी पोटात जातो, सहा वाजेपर्यंत त्याचं काही उरत नाही — पोट कुरकुरलं की पाढे पळतात. फुटाणे, केळी, गूळ-शेंगदाणे पुरे. कुणाला शेंगदाणा चालत नाही, हे मात्र आईला विचारून ठेव.

आता खाऊ आणायचा कुठून, इथे जरा थांबते, कारण सगळी गोम इथेच आहे.

माझ्या पहिल्या वर्षी एका दिलदार व्यापाऱ्याने सगळंच उचललं होतं. खाऊ, वह्या, विजेचं बिल, मुलांच्या सहलीची गाडीसुद्धा. मला वाटलं, देव भेटला. वस्तीकडे मी काही मागितलंच नाही. गरिबांना कशाला त्रास, असं मनात. दुसऱ्या वर्षी त्याचा धंदा बसला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याने स्वतः येऊन हात जोडले. पण वर्ग चार महिने बंद राहिला आणि वस्तीतल्या एकाही घराला तो आपला वाटला नाही, कारण त्यात त्यांचं काही नव्हतंच. चौतीस मुलं होती. पुन्हा उघडला तेव्हा अकरा आली. मधल्या काळात एका मुलीचं लग्न उरकलं होतं. नववीत होती, भूमिती फार सुंदर काढायची. ती मला अजून बाजारात भेटते, वाकून नमस्कार करते, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

तेव्हा कळलं ते सांगते. एकाच्या कणगीवर जगणारा वर्ग कणगीबरोबर उपाशी मरतो. मुठीमुठीवर जगणाऱ्याला एक मूठ चुकली तरी दुसरी पोसते.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. तुझ्याच तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह. त्या कामासाठी घरोघरचं मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. पणजीत तर याच नावाची शिक्षणसंस्था १९०८ पासून आहे. लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. मला मात्र दरवेळी वाटतं, कुठल्याही बाईवर पुन्हा ती पाळी येऊ नये, एवढी मूठ तरी आपण बाकीच्यांनी भरावी. तुझ्या बांगड्यांकडे बघून सांगतेय, हो. त्या हातातच राहू देत.

९. खाऊची पाळी घरांना वाटून दे: सोमवार या गल्लीचा, मंगळवार त्या गल्लीचा. ज्याला खाऊ जमत नाही त्याच्याकडून पाण्याचा माठ भरून घे — ज्याच्या घरचा खिळा भिंतीत, त्याचा डोळा भिंतीवर.

१०. मागताना "मदत करा" म्हणू नकोस; नेमकी वस्तू आणि नेमका दिवस सांग. "गुरुवारी डझनभर केळी" असं म्हटलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो — "काहीतरी करा" म्हटलं की मान डोलावतो आणि विसरतो.

११. गणेश मंडळाच्या पोरांना टाळू नकोस. वर्गणी ठरते त्या बैठकीला जाऊन बस आणि अभ्यासिकेसाठी एक ठरलेला वाटा माग — मांडव घालणारे हात वर्षाचे साडेअकरा महिने मोकळेच असतात, आमच्या खोलीची गळकी पत्र्याची बाजू त्यांनीच एका रविवारी बदलली.

१२. दहा रुपये आले तरी वहीत लिही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. पैसे काढायला दोन सह्या ठेव, आणि दुसरी सही घरच्या माणसाची नको — वही उघडी तर शेजाऱ्याची मूठ उघडी.

१३. पावतीपुस्तक छापण्याआधी धर्मादाय कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारून ये. सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० पासून आहे, आणि नोंदणीची कटकट एकदाच होते — संशयाची कटकट रोज होते.

१४. कंपन्यांकडे जरूर जा. मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावेच लागतात. त्या पैशातून कपाटं घे, पुस्तकं घे, संगणक घे. पण रोजचा खाऊ आणि विजेचं बिल वस्तीकडेच राहू दे — त्यांची मंजुरी मुदतीची असते, आणि पोरांची भूक बेमुदत.

१५. दप्तरं वाटायला कुणी कॅमेरा घेऊन आला तर प्रेमाने सांग, "वस्तू आदल्या दिवशी द्या, उद्या वर्ग बघायला या." घेणाऱ्या हाताचा फोटो पोरांना फार दिवस टोचतो — आमची एक मुलगी ते दप्तर उलटं करून वापरायची, नाव आतल्या बाजूला जावं म्हणून.

१६. कॉलेजच्या मुलामुलींना रोज बोलावू नकोस. आठवड्याचे दोन दिवस दे आणि ते पक्के धर. परीक्षेच्या महिन्यांत ती येणार नाहीत हे आधीच मोज — उत्साहाला सुट्टी दिली तर तो परत येतो, राबवला तर पळून जातो.

१७. नववीच्या मुलाला चौथीच्या दोघांना शिकवायला बसव. त्याचा स्वतःचा भागाकार पक्का होतो, आणि उनाड म्हणून ओळखला जाणारा पोरगा बाहीने फळा पुसायला लागतो — जबाबदारी हे एकच दप्तर असं आहे की पाठीवर घेतलं की पाठ ताठ होते.

१८. नुसता गृहपाठ घेत बसू नकोस गं. आधी अर्धा तास खो-खो, लगोरी, काहीही. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून संध्याकाळच्या शाखांत खेळ आणि गाण्यांनी मुलं बांधत आलंय, ते काही उगाच नाही — दिवसभर बाकावर दाबलेलं अंग आधी मोकळं झालं, तर मन बसतं.

१९. गोष्टींची पुस्तकं कुलपात ठेवू नकोस, घरी नेऊ दे. काही फाटतील, काही हरवतील — फाटलेलं पुस्तक कुणीतरी वाचलेलं असतं, कोरंकरीत पुस्तक फक्त मोजलेलं असतं.

२०. हजेरी रोज घे, आणि सलग दोन दिवस मूल आलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहा. रागवायला नाही, "काल तुझी जागा रिकामी होती," एवढंच सांगायला. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की तुमच्या भागात बाहेरून टोळ्या उतरतात. त्यांच्या झोपड्यांतल्या, कोपीवरच्या पोरांनाही चार-पाच महिन्यांसाठी का होईना वर्गात घे, पटावर नाव घाल — जाताना ती निदान वाचायला लागलेली असतात, आणि पुढच्या वर्षी तुलाच शोधत येतात.

२१. कामाला जाणारी मोठी मुलं दारात रेंगाळतील, आत येणार नाहीत. त्यांच्यासाठी आठनंतरचा वेगळा तास ठेव. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तेव्हा हे दार आपण नव्याने करतोय असंही नाही — थकलेल्या माणसाला लहान पोरांसमोर चुकायची लाज वाटते, एवढंच.

२२. हा नियम मात्र कुणाच्याही शब्दाखातर मोडू नकोस. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, आणि कुणाही मुलाला एकट्याने कुणाबरोबर पाठवायचं नाही, मग तो देणगीदार असो नाहीतर आपला नातेवाईक. घरी जाताना अंधार असेल तर पोरांचे जथे कर, आणि प्रत्येक जथ्याबरोबर एक आई किंवा बाप. एखादं मूल अचानक गप्प झालं, कुणाचं नाव काढल्यावर आक्रसलं, तर त्याच्यावर विश्वास ठेव आणि १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन कर. लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. "आपसात मिटवू" म्हणणारी चार मोठी माणसं तुझ्या दारात येतील, त्यांना पाणी दे आणि तरीही कळव — मिटवलेलं प्रकरण मिटत नाही, ते त्या मुलाच्या अंगात राहतं.

२३. बापाच्या दारूवर वर्गात बोलू नकोस. पोरं आपल्या बापाची लाज वाटून घेतात आणि यायची थांबतात — त्याला एखाद्या संध्याकाळी जथ्याबरोबर चालायचं काम दे, त्या दिवशी तरी तो शुद्धीत राहतो.

२४. टीव्ही आणि मोबाइल यांच्याशी तू एकटी लढू नकोस, अख्ख्या वस्तीला सोबत घे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना, तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल बंद, दीड तास पोरांनी अभ्यासाला बसायचं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की मोठ्यांनीही बंद करायचं. तुमच्या वस्तीत भोंगा नसला तर घंटा चालेल, ताटावर पळी चालेल — बापाच्या हातात मोबाइल आणि पोराच्या हातात पुस्तक, हे घर फार वेळ तसं राहत नाही.

२५. आणि तू. आठवड्यातली एक संध्याकाळ जाऊ नकोस, बरं वाटत असलं तरी. घरी बस, केसांना तेल लाव, मला फोन कर. पहिल्या वेळी जीव वर-खाली होईल, "माझ्याशिवाय कसं होईल" म्हणून — पण तू नसताना वर्ग उघडला, तरच तो वस्तीचा झाला असं समज.

२६. येत्या रविवारी तुझ्या भावाबरोबर आमच्या दोन सतरंज्या पाठवतेय. निळी एका कडेला उसवली आहे. मी दोरा ओवून बसले होते, मग तशीच घडी घातली — ती तिथल्या आयांकडून शिवून घे.