रागावू नका, असे मी सांगत नाही

रक्तदाबाचा रुग्ण तपासून झाला, की त्याच्याबरोबर आलेले घरचे माणूस हळूच म्हणते, "डॉक्टर, यांना जरा राग कमी करायला सांगा." मी तसे सांगत नाही. 'रागावू नका' हे ऐकून कोणाचा राग गेल्याचे माझ्या एवढ्या वर्षांच्या व्यवसायात पाहण्यात नाही. उलट तो वाढतो. मात्र रागाचे काय करावे, हे शिकता येते आणि पन्नाशीनंतरही शिकता येते.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. एखादा शब्द वर्मी लागला, की मेंदूतील धोक्याची सूचना देणारा भाग आधी जागा होतो, सारासार विचार करणारा भाग मागाहून. ॲड्रिनल ग्रंथींमधून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. लढा किंवा पळा, यासाठी ही तयारी असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले. समोर वाघ असेल तर ही तयारी उपयोगाची. समोर उलट उत्तर देणारा मुलगा असेल, तर तीच तयारी कानाखाली मारायला हात उचलायला लावते.

'मनातले ओकून टाकावे, म्हणजे मोकळे वाटते' असा आपल्याकडे समज आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आधी त्यांच्या लिखाणावर अपमानकारक शेरे मारून त्यांना चिडवले. मग काहींना, चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग अधिक राहिला, बसून राहिलेल्यांचा कमी. आदळआपट हा रागाचा निचरा नव्हे, सराव आहे.

माझ्याकडे येणारे एक किराणा दुकानदार आहेत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). गोळ्या नियमित, मीठ कमी, तरी एका आठवड्यात रक्तदाब १८०/११० वर गेला. घरात ताटे फेकली जात होती, पत्नीवर हात उगारला गेला होता. कारण विचारले तर म्हणाले, "भावाने पुतणीच्या लग्नाची पत्रिका शेजाऱ्याच्या हाती पाठवली. घरी येऊन आमंत्रण द्यायला त्याला पाय नव्हते?" अर्धा तास ते मानपानावर बोलत होते. मी एवढेच विचारले, "पत्रिका हातात पडली, त्या क्षणी काय वाटले?" बराच वेळ थांबून ते म्हणाले, "वडिलांनंतर त्याला मीच शिकवला, डॉक्टर." आणि त्यांचे डोळे भरून आले.

रागाच्या तळाशी बहुधा असे एखादे दुखणे असते. राग मोठ्याने बोलतो म्हणून ते ऐकू येत नाही. ते ऐकण्यासाठी त्यांना जे सांगितले, तेच येथे सांगतो.

राग चढताना शरीर आधी वर्दी देते. कोणाचे कान तापतात, कोणाचे दात आवळले जातात, कोणाचा आवाज चिरकतो. आपली खूण कोणती, हे शांत असताना आठवून ठेवावे. या गृहस्थांचे हात थरथरत. खूण दिसली की बोलणे थांबवावे, "मी जरा जाऊन येतो" म्हणून उठावे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावावा. दहा-वीस मिनिटांत शरीर बरेच खाली येते. मात्र त्या वेळात भांडण मनात पुन्हा पुन्हा उगाळले, तर येत नाही.

मग स्वतःशी बोलावे, तेही स्वतःला नावाने हाक मारून. हे हास्यास्पद वाटेल. परंतु 'मी' ऐवजी स्वतःच्या नावाने बोलल्यास माणूस आपल्या भावनेपासून थोडा दूर उभा राहू शकतो, असे ईथन क्रॉस व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. आपल्याला यात नवल वाटायला नको. समर्थांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले आहेत!

काय बोलावे, हेही महत्त्वाचे. आमचे दुकानदार मनात म्हणत होते, "त्याने यायलाच पाहिजे होते." अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेल्या उपचारपद्धतीचा सगळा भर या 'च'वर आहे. त्यांनी वाक्य बदलले : "तो यावा अशी माझी इच्छा होती. तो आला नाही. मला फार वाईट वाटले." दुःख राहिलेच, आणि ते राहणारच होते; पण त्यासाठी ताट फेकावे लागले नाही. जमायला तीन-चार महिने गेले, मधे दोनदा ताटे पुन्हा उडाली. लग्नाला ते गेले. भावाशी बोलणे अजून जेवढ्यास तेवढेच आहे. गोळ्या अर्थातच चालू आहेत.

स्त्रियांविषयी वेगळे सांगायला हवे. त्यांचा राग ताटावर निघत नाही. डोकेदुखी, जळजळ, झोप न लागणे अशा तक्रारींतून तो माझ्या टेबलावर येतो. "काही नाही हो डॉक्टर" या शब्दांनी सुरुवात होते. त्यांनीही हेच करावे. मात्र घरात मारहाण होत असेल, तर मनाची समजूत घालत बसू नये. तेथे मदतच मागावी. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आणखी काही गोष्टी. इन्सुलिन घेणारा माणूस अचानक चिडचिड करू लागला, तर आधी साखर तपासा. ती उतरलेली असू शकते. थायरॉइड वाढल्यानेही माणूस तापट होतो. दारू घेतल्यावर वरील एकही उपाय चालत नाही. रागाच्या भरात छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर श्वास मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे. आणि राग स्वतःवरच उलटून जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ हा केंद्र सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.