रुग्णाचा शब्द आणि यंत्राचा निवाडा

काशीतील राजा घाट मराठी अभ्यासकांना परका नाही. अमृतराव पेशव्यांच्या नावाशी तो निगडित आहे. सुश्रुतसंहितेतील उपदेशक दिवोदास धन्वंतरी हाही काशीचाच राजा. त्या संहितेच्या सूत्रस्थानात रोगज्ञानाची सहा साधने सांगितली आहेत : पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावे साधन प्रश्न. रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होत असताना या सहाव्या साधनाचे काय होते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

आपत्कालीन विभागात प्रथम ठरवावे लागते ते कोणाला आधी पाहावयाचे हे. या प्रक्रियेस 'ट्रायाज' म्हणतात; तिच्यामागील फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे असा आहे. या निवडीत यंत्राचे साहाय्य मोलाचे ठरू शकते. मुंबईच्या 'क्यूर.एआय'च्या संशोधकांनी २०१८ साली 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याच्या ३,१३,३१८ सीटी-तपासण्यांच्या संग्रहावर आधारलेली त्यांची प्रणाली कवटीतील रक्तस्राव व अस्थिभंग ओळखू शकते, असे त्यात दिसून आले. अशा तपासण्या रांगेत पुढे आणल्यास मोलाचा वेळ वाचतो. याची दुसरी बाजूही आहे. सेप्सिसची पूर्वसूचना देणारी अमेरिकेतील एक बहुप्रचलित प्रणाली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी पारखली, तेव्हा सेप्सिसच्या ६७ टक्के रुग्णांना ती हेरू शकली नाही, असे २०२१ साली आढळले.

सीटी-चित्राला भाषा नसते, तक्रारीला असते. समजा, राजा घाटाच्या पायऱ्या चढताना एखाद्या मराठी आजीबाई मटकन खाली बसल्या आणि 'जीव घाबरा होतोय' एवढेच म्हणाल्या. सोबतचा नावाडी रुग्णालयात 'घबराहट' असे सांगेल. नोंद करणारा 'अँग्झायटी' असे लिहील. यांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. तरीही देहाची तक्रार मनाची होऊन बसली. वृद्ध स्त्रियांत आणि मधुमेहींत हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो, हे वैद्यकास ठाऊक आहे. यंत्राच्या हाती मात्र तो तिसरा शब्दच पडेल आणि त्यावरून आजीबाईंचा क्रम मागे जाईल. येथे गणित बिनचूक असूनही निवाडा चुकेल. कारण दोष भाषांतरातच शिरलेला असेल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली या क्षेत्रासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. यंत्रावर माणसाची देखरेख असावी, असा त्यांचा आग्रह आहे. त्या देखरेखीस उपयोगी पडेल असे काही भाषाभ्यासकांनाही करता येईल. 'अंधारी येणे', 'हातपाय गळणे', 'छाती भरून येणे' अशा प्रयोगांचे मराठी, भोजपुरी, कोकणी संग्रह वैद्यांच्या सहकार्याने व्हावेत; आणि रुग्णाच्या नोंदीत भाषांतराशेजारी त्याचा मूळ शब्दही राहावा. तो राहिला, तर निदान पुन्हा विचारण्यास जागा उरते.