पाकिटावरचं नाव

केज,
धुळवडीचा दुसरा दिवस

चि. भाचीस,

तू पाठवलेले मुंबईचे फोटो रात्री दुकान वाढवल्यावर कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. मामी दोनदा हाक मारून गेली, भाकरी निवली. दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या ढिगाला टेकून चहा पिणारा तो माणूस आणि वाफेवर मागून पडलेला उजेड, याला पैकीच्या पैकी. पुलावर झोपलेल्या हमालाचा फोटो मात्र मला रुचला नाही. रचनेत खोट नाही. पण तो जागा असता तर तू तो काढला असतास का, एवढंच विचारतो.

फोटो काढताना भाजीवालीनं तुला झापलं म्हणून तू दोन दिवस कॅमेरा बाहेर काढला नाहीस. त्यावर तुझा मित्र म्हणतो, लांबची लेन्स घे, कुणाला पत्ता लागत नाही. अगं, लांबून टिपायला ती माणसं काय पाखरं आहेत? 35 मिमीची लेन्स लाव. तिच्यात माणूस भरायचा तर पाच-सहा फुटांवर जावं लागतं, आणि तेवढ्या अंतरावरून कुणी तरी बोलतंच. भाजीवालीकडे उद्या परत जा. आधी कोथिंबीर घे, मग बोल. नाही म्हणाली तर कोथिंबीर घेऊन घरी ये.

काल विडा गावाला गेलो होतो. धुळवडीला तिथं जावयाची गाढवावरून मिरवणूक असते, तुला माहीतच आहे. गळ्यात चपलांची माळ, पुढं हलगी, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. मीही गाढव काढलं, खोटं कशाला सांगू. पण मिरवणूक संपल्यावर जावईबापू पारावर बसून तोंडावरचा रंग पुसत होते, आणि त्यांची चिमुरडी बापाला ओळखेना, जवळच जाईना. तेव्हा एकही मोबाईल वर नव्हता. माझाही नव्हता. मी वडापाव खात होतो. सांगायचं ते हे की 40 वर्षं या धंद्यात काढूनही माणूस चुकतो.

‘केजमध्ये काढण्यासारखं काय आहे,’ असं तू मागच्या दिवाळीला म्हणाली होतीस. त्यावर मी भांडणार नाही. मुंबई ती मुंबई. पण मला या दुकानानं जे शिकवलं ते तिकडं कुणी सांगणार नाही, म्हणून हे पत्र.

स्टुडिओत लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो येतात, तसं आणखी एक गिऱ्हाईक येतं. तेराव्याच्या आदल्या दिवशी. हातात आधार कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधला पंगतीचा फोटो. ‘ह्यातले आबा तेवढे मोठे करून द्या.’ आबांच्या तोंडात घास असतो, खांद्यावर दुसऱ्याचा हात असतो. मी घास काढतो, हात काढतो, डोक्याला फेटा चढवतो. हार घालायच्या तसबिरीत जो माणूस लागतो तो कधी धड आबा असतो, कधी नसतो. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाचा नीट असा एक फोटो नसतो. असतो तो आगाऊ उचलीच्या कागदाला लागला म्हणून काढलेला.

आणि एक सांगतो, मामीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. दुकान डिजिटल केलं तेव्हा निगेटिव्हची सात पोती मी भंगारात घातली. जागा अडली होती. पुढं वर्षभरात एक बाई आली. ‘माझ्या लेकराचा फोटू तुमच्याकडं काढला हुता, आसंल का बगा.’ लेकरू उसाच्या फडावर असताना तापानं गेलेलं. मी तिच्यासमोर कपाट उघडून शोधायचं नाटक केलं. काय करणार होतो?

मुंबईत तू ज्यांचे फोटो काढतेस, त्यातल्या कित्येकांची हीच गत असेल. तू काढलेला तो चहा पिणाऱ्या माणसाचा फोटो कदाचित त्याचा आयुष्यातला एकुलता एक असेल, आणि तो तुझ्या कॅमेऱ्यात आहे.

तू सारखी व्हिव्हियन मायरचं नाव घेतेस. बाई मोठ्याच. शिकागोत दुसऱ्यांची पोरं सांभाळत 1,00,000 हून जास्त निगेटिव्ह जमवल्या, आणि 2007 साली त्यांच्या सामानाच्या लिलावात त्या निगेटिव्ह सापडू लागल्या. पण त्या फोटोंतली बहुतेक माणसं कोण, हे आता कुणाला विचारायचं? आपल्या सुधारक ओलव्यांचं काम पाहा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर गटारापर्यंत गेलेला माणूस, 2016 ची पद्मश्री. ते काळेपांढरे फोटो पाहताना कळतं की कॅमेरा आणि कामगार यांची आधीची ओळख आहे. छायाचित्रकार होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे मुंबईचे फोटो तर नवऱ्याच्या नावानं छापून येत. म्हणजे काढणारीचंही नाव पुसलं जातं. तेव्हा तुझं नाव लिही, आणि फोटोतल्या माणसाचंही.

मी रोल धुवायचो तेव्हा 36 फोटो असायचे, दर फोटोमागे वहीत ओळ असायची. तू दिवसाला 300 काढतेस. सगळ्यांची नोंद कोण ठेवणार? पण निवडून ठेवशील त्यांची ठेव. गाव कोणतं, धंदा कोणता, माणूस कुठं उभा होता. दादरचा तो फुलवाला कदाचित जुन्नरकडचा निघेल, कदाचित आपल्याकडचाही. विचारल्याशिवाय कळत नाही. आणि प्रत काढ. चार बाय सहाची प्रत म्हणजे एका वडापावचे पैसे. ती त्याच्या हातात दे. दोन-चारदा हेलपाटा पडेल, माणूस जागेवर नसेल. पडू दे. चौथ्या वेळी तो स्वतःच शेजारच्या गाडीवाल्याला बोलवून म्हणेल, ‘ह्याचाही काढा.’ माझं अर्धं गिऱ्हाईक असंच जमलं.

माळ्यावर अजून दोन खोकी आहेत, भंगारातून वाचलेली. धुऊन तयार, कुणी न नेलेली पाकिटं. पाकिटावर माझ्या हस्ताक्षरात नाव, गाव आणि बाकी रक्कम. साळेगाव, होळ, युसूफवडगाव, नांदूरघाट. कुणाची 15 रुपये बाकी, कुणाची 20. ऊसतोडीच्या टोळ्या पाडव्यापासून परतायला लागतात, अक्षय्य तृतीयेपर्यंत बहुतेक घरं उघडतात. तेव्हा ये, पाकिटं घरोघर पोचवू. बाकी सोडून दिली आहे म्हणून सांगू. गाडी मी चालवतो, तू खोकं धरून मागं बस.

तुझा मामा