भट्टीचे लाकूड : तोल पाहू नका, ओल पाहा

बेकरी, हॉटेल आणि केटरिंगच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. मैदा, साखर, तूप घेताना ते चार दुकाने फिरतात, भाव करतात. लाकूड मात्र वखारवाला जे देईल ते घेतले जाते. स्वस्त मिळाले म्हणजे काम झाले, असा समज असतो. तो किती महागात पडतो ते पाहू.

लाकूड तोलून मिळते आणि तोलात लाकडाबरोबर पाणीही येते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. फोडून, रचून काही महिने वाळवलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांवर येते. उरलेले पाणी भट्टीत आधी तापते, मग वाफ होऊन धुराड्यातून जाते. एक किलो पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे पाण्याचे पैसे आपण दोनदा मोजतो, एकदा वखारीत आणि एकदा भट्टीत.

आता हिशेब करा. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ४४०० किलोकॅलरी मिळतात. ओल २० टक्के असेल तर सुमारे ३४००, आणि ४५ टक्के असेल तर अवघ्या २१५०. समजा, सुके लाकूड ८ रुपये किलो आणि ओले ६ रुपये किलो आहे. तर १००० किलोकॅलरींसाठी सुक्याला २ रुपये ३५ पैसे पडतात, ओल्याला २ रुपये ७९ पैसे. स्वस्त माल महाग ठरला. शिवाय भट्टी उशिरा तापते, कारागिरांच्या डोळ्यांत धूर जातो आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो. हा थर कधी पेटही घेतो.

ओल ओळखण्याच्या खुणा :

१) सुक्या लाकडाच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात व साल सहज सुटते.

२) दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर सुक्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द.

३) खात्री हवी असेल तर एक किलो ढलप्या भट्टीच्या उबदार माथ्यावर ठेवा. वजन उतरणे थांबले की तोला. ७०० ग्रॅम भरले तर ओल ३० टक्के.

जात कोणती घ्यावी? बाभळीसारखे जड लाकूड सावकाश जळते आणि निखारा टिकवते, म्हणून पावाच्या भट्टीला व देगेच्या दमाला ते चांगले. आंब्यासारखे हलके लाकूड लवकर पेटते, ते सुरुवातीच्या जाळाला ठीक. लाकूड उन्हाळ्यापूर्वीच घ्यावे, मनगटाएवढे फोडून विटांवर हवेशीर रचावे आणि पावसाळ्याआधी वरून झाकावे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

एक गोष्ट मात्र कितीही सुकी व स्वस्त असली तरी घेऊ नये. ती म्हणजे भंगारातले लाकूड : रंग दिलेली दारे-खिडक्या, पॉलिशचे फर्निचर, प्लायवूड, रेल्वेचे जुने स्लीपर. जुन्या रंगात शिसे असते आणि ते जळून नाहीसे होत नाही, धुरात व राखेत उतरते. ज्या भट्टीत लाकूड जळते त्याच पोकळीत आपण पाव भाजतो. तो पाव गिऱ्हाइकाची मुले खातात. त्या राखेने भांडीही घासू नयेत.

मुंबईतील बांधवांची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या व हॉटेलांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. इतर शहरांतील भट्टीवाल्यांनीही यापासून बोध घ्यावा. धुराबद्दल शेजाऱ्यांची तक्रार येण्याआधी आपण सुके, स्वच्छ लाकूड वापरू लागलो तर खर्च वाचेल, कारागिरांची छाती वाचेल आणि पुढे इंधन बदलण्याची वेळ आलीच तर गाठीला चार पैसेही असतील.