गावकीने वाळीत टाकलं, तक्रार कुठे करायची?

प्रश्न : देवळाच्या हिशेबाबद्दल माझ्या नवऱ्याने बैठकीत विचारणा केली. तेव्हापासून गावात आमच्याशी कुणी बोलत नाही, दुकानदार माल देत नाही, सासऱ्यांच्या बाराव्यालाही कुणी फिरकलं नाही. लेखी काहीच नाही. 'दंड भरा, मग बघू' एवढंच सांगतात. हा गुन्हा होतो का?
– एक वाचक भगिनी, रायगड जिल्हा

उत्तर : होतो, ताई. आणि तो दंड मुळीच भरू नका. भरलात तर गावकीला शिक्षा द्यायचा अधिकार आहे, हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल.

बहिष्काराविरुद्ध मुंबई प्रांताने 1949 मध्येच कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो रद्द केला. नवा कायदा विधिमंडळाने 2016 साली मंजूर केला आणि तो जुलै 2017 पासून लागू झाला. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत वाळीत पडलेल्या किती कुटुंबांनी मुकाट सोसलं असेल! आज या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चिथावणी देणाराही सुटत नाही.

लेखी ठराव नाही म्हणून खचू नका. गावकी असले निर्णय तोंडीच घेते. तुम्ही मात्र वहीत सगळं टिपून ठेवा : कोणत्या तारखेला, कोण, काय बोललं, तेव्हा समोर कोण होतं. फोनवरचे निरोप पुसू नका. त्या दुकानदाराला शत्रू समजू नका. 'माल दिलास तर तुलाही दंड' अशी तंबी त्याला मिळालेली असू शकते. तसं असेल तर त्याचीच साक्ष सर्वांत मोलाची.

तक्रार तुम्ही किंवा घरातलं कुणीही पोलीस ठाण्यात देऊ शकता. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे तो नोंदवून त्याची प्रत फुकट द्यावीच लागते. 'गावातच मिटवा' असं सांगून परत पाठवलं, तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. या कायद्यात थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचीही सोय आहे. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल आणि बहिष्कार टाकणारे त्याबाहेरचे असतील, तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलमही लावायला सांगा.

वकिलाच्या खर्चापायी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आधी तिथे अर्ज द्या.